तुलना थांबत नसेल तर काय करायचं? ईटिंग डिसऑर्डरमधून बाहेर येणाऱ्यांसाठी

आधीच सांगते, या लेखात किलो, कॅलरी, कपड्यांचे साइझ यातलं काहीही येणार नाही, मुद्दाम टाळलंय. मला ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाण्याशी आणि शरीराबद्दलच्या विचारांशी जोडलेला आजार, होता तेव्हा रिकव्हरीबद्दल कुठलंही लिखाण उघडलं की माझे डोळे आधी आकडे शोधायचे, लिहिणारीचं वजन किती होतं, किती दिवस ती काय खात नव्हती, आणि लगेच माझा आकडा तिच्या शेजारी ठेवून बघायचे. बरं व्हायला म्हणून उघडलेलं पानसुद्धा तुलनेच्याच कामाला लागायचं. तसं इथे कोणाचं व्हायला नको.

आणि हे तुमच्या थेरपिस्ट, डॉक्टर, डाएटिशियनच्या जागी नाहीये, त्यांच्यासोबत जे चाललंय त्याच्या जोडीला आहे. यातलं एखादं काही करून बघावंसं वाटलं तर पुढच्या सेशनला त्यांना दाखवा, कारण काही गोष्टी, विशेषतः आरशाच्या, कोणाला चालतात कोणाला त्रास देतात.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की तुलना झाली म्हणून पुढचं जेवण बदलायचं नाही. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. आपलं शरीर आपल्याला आवडायला लागेल मग मी नीट खाईन असं म्हणून मी खूप महिने घालवले आणि ते उलटं होतं. बऱ्याच जणींचा अनुभव असाच असतो, खाणं आधी रुळावर येतं, शरीराबद्दलचं मन सगळ्यात शेवटी, कधीकधी खूपच शेवटी. तोवर शरीर आवडत नसतानाच जेवायचं असतं. अवघड आहे, मला माहितीये, पण जमतं.

"तुलना करायचीच नाही" असं ठरवू नका

ते कोणालाच जमत नाही. १९५४ साली लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने यावर लिहिलं होतं, त्याचं म्हणणं साधारण असं की आपण कसे आहोत हे मोजायला ठोस माप नसलं की माणूस दुसऱ्या माणसांकडे बघून स्वतःला मोजतो, आणि त्यातही आपल्यासारखी असतील त्यांच्याकडे बघून. म्हणून पडद्यावरच्या नटीपेक्षा आपल्या वर्गातली, ऑफिसातली, आपल्याच वयाची चुलत बहीण जास्त लागते मनाला. हे सगळ्यांना होतं, आजार असो नसो.

मग आपल्यात वेगळं काय आहे? एक म्हणजे आपण स्वतःची किंमत जवळजवळ पूर्णच वजन आणि आकारावर टांगलेली असते. ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी ईटिंग डिसऑर्डरसाठी जी सीबीटी-ई नावाची थेरपी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी) तयार केली तिच्यात हाच गाभा धरलाय. तिथे एक गोल काढायला लावतात, आणि त्याचे तुकडे करायचे, की मी माणूस म्हणून कशी आहे हे ठरवताना काय काय किती मोजते, मैत्री, काम, अभ्यास, घरची माणसं, छंद, आणि शरीर. खरं खरं काढायचं, जसं असावं असं वाटतं तसं नाही. माझ्या गोलात शरीराचा तुकडा इतका मोठा होता की बाकीच्यांची नावं लिहायला जागा पुरली नाही. ते बघून मी रडले पण त्यातून एक कामाची गोष्ट कळली, की शरीराचा तुकडा ओढून लहान करता येत नाही, बाकीचे वाढवावे लागतात, म्हणजे खरंच वेळ काढून परत चित्र काढायला बसणं, मैत्रिणीला फोन करणं, असलं. ते वाढले की हा आपोआप थोडा सरकतो. महिने लागतात, आठवडे नाही.

दुसरं वेगळेपण म्हणजे आपण माणसं निवडतो. याच्यावर जरा थांबून बोलूया कारण माझ्यासाठी सगळ्यात जास्त फरक इथे पडला.

आपण कोणाला निवडतोय ते पकडा

दोन किंवा तीन दिवस, त्याहून जास्त नाही (जास्त केलं तर तेच नवीन मोजमाप होऊन बसतं), एक छोटी नोंद ठेवा. तुलना झाली की लिहायचं: कुठे होते, कोणाशी केली, शरीराच्या कुठल्या भागाची, त्याच्या आधी मनात काय चाललं होतं, आणि त्यानंतर मी काय केलं. शेवटचा रकाना सोडू नका, तोच महत्त्वाचा.

माझ्या नोंदीत काय निघालं सांगते. रस्त्यावर शंभर माणसं दिसली असतील तर मी त्यातली सगळ्यात बारीक दोन निवडली होती आणि त्यांच्यावरून "सगळे माझ्यापेक्षा बारीक आहेत" असा निकाल लावला होता. त्या दोघींना मी पाच सेकंद पाहिलं, लांबून, चांगल्या कपड्यात. स्वतःला मात्र मी रोज आरशात अगदी जवळून, एकेक भाग वेगळा काढून बघत होते. म्हणजे दोन्हीकडचं माप वेगळं होतं. आणि जवळपास प्रत्येक तुलना जेवणाच्या आधी नाहीतर संध्याकाळी थकल्यावर झालेली, आणि नंतरच्या रकान्यात दर वेळी तेच, काहीतरी कमी केलं, काहीतरी टाळलं.

मग माझ्या थेरपिस्टने मला एक प्रयोग दिला, हा सीबीटी-ईमध्ये करतातच. गर्दीच्या ठिकाणी उभं राहायचं आणि आपल्या वयाच्या येणाऱ्या प्रत्येक तिसऱ्या व्यक्तीकडे बघायचं, कशीही असो, तिसरी म्हणजे तिसरी. निवड आपल्या हातात ठेवायचीच नाही. मी केलं तेव्हा मला खरंच धक्का बसला की इतक्या प्रकारची शरीरं असतात आणि मी ती इतकी वर्षं बघतच नव्हते, माझी नजर त्यांच्यावरून घसरून जात होती. प्रयोग एकदाच करून भागत नाही, तीन चार वेळा करा, आणि कोणाचं शरीर चांगलं कोणाचं वाईट असे मार्क देत बसू नका, फक्त वैविध्य बघायचंय.

नुसतं शरीर सोडून अजून काहीतरी बघायची सवय पण लावता येते. ती व्यक्ती कशाला हसतेय, कोणाशी बोलतेय, घाईत आहे का, बूट कुठल्या रंगाचे. बाळबोध वाटेल, पण नजर एकाच ठिकाणी अडकलेली सोडवायला हे चालतं.

उपाशी डोक्याने केलेली तुलना

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या संशोधकाने ३६ तरुण पुरुषांवर एक प्रयोग केला होता, सगळे तपासून निवडलेले, शरीराने मनाने धडधाकट. त्यांना साधारण सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते दिवसभर खाण्याचाच विचार करायला लागले, चिडचिडे झाले, माणसांपासून तुटले, जेवणाचे विचित्र नियम पाळायला लागले. आणि परत खायला सुरुवात केल्यावर त्यातल्या काहींना आपण फुगलोय, पोट सुटलंय असं वाटून त्रास व्हायला लागला. मला हे वाचून खूप हलकं वाटलं होतं, कारण याचा अर्थ माझ्या डोक्यातला बराचसा गोंधळ हा माझा स्वभाव नव्हता, उपासमारीचा होता.

म्हणून भुकेल्या पोटी झालेल्या तुलनेवर निर्णय घ्यायचा नाही. आधी जेवा. मग बघा तेवढंच खरं वाटतंय का.

अजून एक शारीरिक गोष्ट जी कोणी आधी सांगत नाही आणि मग माणूस घाबरतो. खूप काळ कमी खाल्ल्यानंतर पुन्हा नीट खायला लागलं की पोट उशिरा रिकामं होतं, गच्च वाटतं, पाणी धरलं जातं, सूज येते (जास्त सूज, विशेषतः पायाला, डॉक्टरांना लगेच दाखवायची). आणि अ‍ॅनोरेक्सियातून (वजन वाढायच्या भीतीने खाणं कमी कमी करत जायचा आजार) बरं होताना आलेलं वजन सुरुवातीला पोटाच्या आसपास जास्त दिसतं. वजन टिकवून ठेवलं तर ते हळूहळू, साधारण वर्षभराच्या काळात, बाकीच्या शरीरात नीट वाटलं जातं. वाईट हे आहे की नेमकं याच मधल्या काळात बरेच जण घाबरून परत कमी खायला लागतात आणि शरीराला तिथपर्यंत पोचूच देत नाहीत. तुम्ही आत्ता या मधल्या काळात असाल तर आज आरशात जे दिसतंय ते मुक्कामाचं शरीर नाहीये, अजून चालू आहे काम.

"जाड वाटतंय" म्हणजे नक्की काय वाटतंय

दुपारी चारला ठीक होतं आणि सहाला एकदम जाड वाटायला लागलं, असं झालंय ना? दोन तासांत शरीर बदलत नाही. मग काय बदललं? कोणीतरी काही बोललं, मेलला उत्तर आलं नाही, उकडतंय, पोट भरलंय, कपडा घट्ट आहे, पाळी जवळ आली, एकटं वाटतंय. "जाड" ही भावना नाहीच, दुसऱ्या भावनेवर ते लेबल चिकटवलेलं असतं. त्या वेळी कागदावर लिहा: जाड हा शब्द न वापरता आत्ता मला काय होतंय. सुरुवातीला काहीच सुचत नाही, माझं पहिलं उत्तर आठवडाभराने आलं, आणि ते "मला राग आलाय" एवढंच होतं. राग आलाय तर त्याचं काहीतरी करता येतं, बोलता येतं, भांडता येतं.

आरसा आणि चाचपणं

मनगट बोटांनी मोजून बघणं, पोट धरून बघणं, काचेच्या प्रत्येक दारात वळून बघणं, रोज एकाच कोनातून फोटो काढणं, हे सगळं म्हणजे आजच्या स्वतःची कालच्या स्वतःशी तुलना आहे. जितकं जास्त बघाल तितके दोष मोठे दिसतात, हे कोणाच्याही बाबतीत खरं आहे, नाकाकडे दहा मिनिटं टक लावून बघा, ते विचित्र दिसायला लागतं.

आरशासमोर जाताना एक प्रश्न, मी काय बघायला आलेय? केस, दात, कपड्याचं बटण. ते झालं की बाजूला व्हायचं. चाचपायची ऊर्मी आली तर दोन मिनिटं टाळून बघा, हातात काहीतरी घ्या, मग पाच मिनिटं. आणि याच्या अगदी उलट जे लोक करतात, सगळे आरसे झाकणं, कायम ढगळ कपड्यात राहणं, कोणालाच फोटो काढू न देणं, त्यानेही भीती वाढतेच, कारण न बघितलेलं शरीर मनात अजून वाईट होत जातं. मी दोन्ही केलंय.

जुने फोटो, जुने कपडे

दुसऱ्यांशी होणारी तुलना मला हळूहळू झेपायला लागली, पण सगळ्यात चिवट निघाली ती आजारातल्या माझ्याशीच होणारी. फोनमध्ये एक फोटो होता, त्यात मी आता आहे त्यापेक्षा खूप बारीक होते, आणि तो फोटो मी रात्री उघडून बघायचे. थेरपिस्टने विचारलं त्या दिवशी काय केलं होतंस, आठव. आठवलं तर त्या दिवशी मी जिन्यावर बसून राहिले होते कारण चढवत नव्हतं, थंडी वाजत होती, केस गळत होते, आणि फोटो काढणाऱ्या मैत्रिणीशी मी त्याच संध्याकाळी खोटं बोलले होते की जेवून आलेय. फोटोत यातलं काहीच दिसत नाही. तेव्हा तुम्हीही असं करा, तो फोटो डिलीट करवत नसेल तर त्याच्याखाली त्या दिवशी खरं काय चाललं होतं ते लिहून ठेवा, सगळं, आणि मग तो कोणा विश्वासाच्या माणसाकडे पाठवून आपल्या फोनमधून काढा.

कपड्यांचं तेच. "परत बसतील कधीतरी" म्हणून कपाटात ठेवलेला ड्रेस म्हणजे रोज सकाळी उघडल्यावर दिसणारी परीक्षा. एकटीने आवरायला घेऊ नका, कोणाला तरी सोबत बोलवा, शक्यतो ज्यांना कपाटाबद्दल फार मत नाही अशा कोणाला. आज अंगाला बसतील असे चार कपडे असू द्या, घट्ट इलॅस्टिक नको, आतलं साइझचं लेबल कात्रीने कापून टाकलं तरी चालतं. खरेदीला कोणी बरोबर आलं आणि तुम्ही नंबर न बघता घातले तर अजून बरं.

फोन

इंस्टाग्राम ज्या कंपनीचं आहे तिच्या स्वतःच्याच २०१९ च्या अंतर्गत सादरीकरणात लिहिलेलं होतं की किशोरवयीन मुलींपैकी तिघींतल्या एकीची बॉडी इमेज, म्हणजे स्वतःच्या शरीराबद्दलचं मत, इंस्टाग्राममुळे अजून बिघडते, २०२१ मध्ये ती कागदपत्रं बाहेर आली. तेव्हा फोन बघून वाईट वाटतं यात तुमचा कमकुवतपणा शोधू नका.

फोटो एडिट केलेला आहे हे माहीत असून काही उपयोग होतो का? फारसा नाही. नॉर्वेमध्ये २०२२ पासून जाहिरातीत शरीर बदललेल्या फोटोवर तसं लिहिणं बंधनकारक आहे, फ्रान्समध्येही तसा नियम आहे, पण नुसती सूचना लावून बघणाऱ्याचं असमाधान कमी होत नाही असंच बहुतेक अभ्यासांत दिसलंय. डोक्याला कळतं, डोळ्याला कळत नाही. म्हणून वाद घालत बसण्यापेक्षा समोरून काढा. ज्या अकाउंटनंतर पोट आत ओढून बसता ते म्यूट करा, ओळखीचं असलं तरी, म्यूट केलेलं कोणाला कळत नाही. वर्कआउटवाले, "दिवसभरात मी काय खाते" वाले, आणि हो, रिकव्हरीवाल्यांचे बिफोर-आफ्टर पण, तेही तुलनाच आहे, फक्त चांगल्या हेतूची. २०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासात कॉलेजच्या २२० मुलामुलींपैकी निम्म्यांनी तीन आठवडे सोशल मीडिया दिवसाला एक तासापुरता ठेवला, त्यांना स्वतःच्या दिसण्याबद्दल आणि वजनाबद्दल आधीपेक्षा बरं वाटायला लागलं. तीन आठवडे करून बघण्यासारखं आहे. मुलग्यांनो, हे तुम्हालाही लागू आहे, तुमची तुलना छाती दंड आणि सिक्स पॅकशी असते एवढंच.

"मी तेवढी आजारी नव्हते"

हे मला सगळ्यात जास्त टोचतं कारण याने किती जण मदत मागतच नाहीत. ग्रुपमध्ये गेलं की समोरची जास्त बारीक आहे, तिला अ‍ॅडमिट केलं होतं, मला नाही, म्हणजे माझं खोटंच आहे. किंवा ती तीन महिन्यांत बरी झाली, मी दोन वर्षं इथेच. ईटिंग डिसऑर्डर कुठल्याही आकाराच्या शरीरात होतो. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांचं निदान करायला डॉक्टर वापरतात ते अमेरिकन पुस्तक) अटिपिकल अ‍ॅनोरेक्सिया म्हणून वेगळं नमूदच केलंय, सगळी लक्षणं तीच पण वजन साधारण किंवा त्याहून जास्त, आणि अशा व्यक्तीचीही नाडी धोकादायक मंद होऊ शकते. बुलिमिया (खूप खाऊन मग उलटी वगैरे करून ते भरून काढणं) आणि बिंज ईटिंग (ताबा सुटून खूप खाणं) तर बाहेरून बघून कळतच नाहीत. पुरेसं आजारी असं काही प्रमाणपत्र नसतं. ज्या ग्रुपमध्ये आकडे आणि सवयी सांगायला बंदी नाही तो ग्रुप सोडला तरी चालेल.

ताटाचंही तसंच. शेजारची अर्धं जेवून उठली की आपल्याला आपलं ताट राक्षसासारखं दिसायला लागतं. तिने आधी काय खाल्लं, रात्री काय खाणार, तिची तिची काय भानगड आहे, आपल्याला काहीच माहीत नसतं. शेजारणीच्या चष्म्याचा नंबर कमी आहे म्हणून आपण आपला चष्मा काढून ठेवत नाही ना. तुमचा मील प्लॅन तुमच्यासाठी लिहिलेला आहे. सुरुवातीला जमल्यास निवांत जेवणाऱ्या एखाद्या माणसाशेजारी बसा.

लोक बोलतात तेव्हा

"तब्येत सुधारलीय हं!" हे वाक्य आपल्याकडे कौतुकाने म्हणतात आणि आपल्या कानाला ते काय ऐकू येतं ते सांगायला नको. "बारीक झालीस गं, काय करतेस, मला पण सांग" हे त्याहून वाईट, कारण ते आजाराला शाबासकी देतं. उत्तर तेव्हाच्या तेव्हा सुचत नाही म्हणून आधी ठरवून ठेवा, घरी मोठ्याने बोलून बघा. मी म्हणायचे, "मावशी, माझ्या शरीरावर नको ना बोलूया, तुझं सांग, गुडघा कसा आहे?" काकांना, "काका, डॉक्टरांनी वजनावर बोलायला मनाई केलीय." हे खोटंही नव्हतं. फार जवळच्या एकाला आधीच सांगून ठेवा की असं काही निघालं तर विषय बदल.

घरच्यांनो, तुम्ही वाचत असाल तर, "आता किती छान दिसतेस" हे सुद्धा नको. "तू आज बराच वेळ आमच्यात बसलीस, बरं वाटलं" हे चालतं. आणि तिच्यासमोर स्वतःच्या पोटाला नावं ठेवू नका.

चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, धडधड किंवा ठोके चुकल्यासारखं वाटणं, खाल्लेलं किंवा पाणी पोटात न ठरणं, किंवा जगू नये असं वाटणं, यातलं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आत्ता डॉक्टरांना नाहीतर इमर्जन्सी नंबरला फोन करा, सोबत कोणाला तरी घ्या. वजन "नॉर्मल" आहे म्हणून थांबू नका.

आणि लग्न, रियुनियन, असा एखादा दिवस येणार असेल जिथे सगळे जुने लोक भेटणार, तर त्याची तयारी आदल्या दिवशीच करा. कपडा आधी घालून बसून बघा, उभं राहून नाही, बसून, कारण तिथे तुम्ही तासन् तास बसणार आहात. सकाळी नेहमीसारखं खाऊन निघा, "तिथे खायचंच आहे" म्हणून उपाशी जाऊ नका. तिथे तुलना होणार, दहा वेळा होईल, होऊ दे, मनात फक्त म्हणायचं की झाली, आणि समोरच्याला काहीतरी विचारायचं. घरी आल्यावर जेवायचं राहिलं असेल तर आधी जेवा, मग तुमच्या माणसाला मेसेज करा की आले, जेवले. कपडे त्यानंतर बदला.